‘आई, ह्या सिनेमातले श्रीमंत आपणच’

मध्य न्यू जर्सीतून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘आम्ही १९९८ पासून इथे आहोत. नवरा सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, कराडच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला, एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आला. तो एका औषध कंपनीच्या आयटी विभागात आहे, मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये. दोघांचे मिळून वर्षाला दोन लाख नव्वद हजार डॉलर येतात. त्यातला मोठा वाटा अर्थात त्याचा. मुलगी इथल्या रटगर्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा तिने “इनइक्वॅलिटी फॉर ऑल” ही डॉक्युमेंटरी आम्हाला बसवून दाखवली. संपल्यावर म्हणाली, “आई, ह्या सिनेमातले श्रीमंत आपणच.” नवरा भडकला. दोन बॅगा घेऊन आलो, कुणाचं लुबाडलं नाही, पै न पै टॅक्स भरतो, आणि माझ्याच सोफ्यावर बसून मला ऐकवतेस? (त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या टाऊनशिपमध्ये अफोर्डेबल हाउसिंगची इमारत होऊ नये म्हणून फिरत असलेल्या अर्जावर त्याने सही केली होती. तेही तिच्या डोक्यात असेल.) आता तो म्हणतो, एवढं वाटतं तर पुढच्या सेमिस्टरची फी तूच भर. ती म्हणते, भरते, लोन काढते. दोघांचं बोलणं बंद आहे. आम्ही खरंच श्रीमंत आहोत का? आणि मी कुणाची बाजू घेऊ?’

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून ते आधी देऊन टाकते. हो, तुम्ही श्रीमंत आहात. पण त्या डॉक्युमेंटरीतले श्रीमंत तुम्ही नव्हेत. मुलगी ह्या दोहोंची गल्लत करते आहे आणि तिचे बाबा तीच गल्लत उलट्या बाजूने करताहेत.

ज्यांनी ही डॉक्युमेंटरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१३ साली ती आली. दिग्दर्शन जेकब कॉर्नब्लुथ यांचं, पण पडद्यावर दीड तास रॉबर्ट राइश यांचंच राज्य आहे. क्लिंटन यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते कामगारमंत्री होते, पुढे बर्कलीच्या विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या तिथल्या वर्गाभोवतीच सगळा चित्रपट गुंफला आहे. उंची पाच फुटांच्या आत. त्यावरून स्वतःचीच थट्टा करत ते छोट्या मिनी कूपरमधून हिंडतात. बाकी मामला गंभीर आहे. महागाई हिशेबात धरून १९७८ साली सर्वसाधारण पुरुष कामगाराला वर्षाला सुमारे ४८,००० डॉलर मिळत होते आणि वरच्या एक टक्क्यातल्या माणसाला सरासरी ३,९३,०००. २०१० साली कामगार ३४,००० च्या खाली आला होता आणि वरचा माणूस अकरा लाखांवर गेला होता. देशाच्या एकूण उत्पन्नातला वरच्या एक टक्क्याचा वाटा १९२८ आणि २००७ ह्या दोन साली शिगेला पोचला, २३ टक्क्यांच्या वर, आणि दोन्ही खेपेला लगेच पुढच्या वर्षी बाजार कोसळला. हा आलेख राइश झुलत्या पुलासारखा दाखवतात. निक हॅनॉअर नावाचे एक धनाढ्य उद्योजकही त्यात आहेत. त्यांच्या घराण्याचा धंदा उशांचा. कितीही पैसा आला तरी माणूस डोक्याखाली एखाद-दुसरीच उशी घेणार, मग सगळा पैसा थोड्यांच्याच हाती साचल्यावर उशा विकत घेणार कोण, असा त्यांचा साधा सवाल आहे.

मला सगळ्यात पटलेला भाग मात्र वेगळा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पगार थबकले, तरी घरं चालली कशी? आधी बायका नोकरीला लागल्या. मग घरातली सगळीच जास्त तास राबू लागली. तेही पुरेना तेव्हा लोकांनी राहत्या घरावर कर्जं काढली. ही तिसरी वाट २००८ ला बंद झाली. लाखो सुज्ञ लोक एकाच वेळी कर्जबाजारी का होतात, ह्याचा इतका सरळ खुलासा मी क्वचितच ऐकला आहे. आपल्याकडे कुणी कर्जात बुडालं की लगेच ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ऐकवतात. अंथरूणच आखूड होत गेलं तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

आता ह्यात तुम्ही कुठे बसता? अमेरिकेच्या जनगणना खात्याप्रमाणे २०२३ साली मधल्या कुटुंबाचं उत्पन्न ८०,६१० डॉलर होतं, म्हणजे निम्मी कुटुंबं त्याच्या वर आणि निम्मी खाली. न्यू जर्सीत हाच आकडा लाखाच्या घरात आहे. देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत जायला साधारण २,३५,००० लागत होते. तुम्ही त्या उंबऱ्याच्या आत आहात. वरच्या पाच टक्क्यांसाठी तीन लाखांच्या पुढे लागत होते. तिथे तुम्ही नाही.

आणि हा झाला फक्त वर्षाच्या मिळकतीचा हिशेब. साठलेल्या मालमत्तेकडे पाहिलं की चित्र जास्त तिखट होतं. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, तिच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता १,९२,९०० डॉलर निघाली. सरासरी काढली तर हाच आकडा दहा लाख साठ हजारांवर जातो. मधला आणि सरासरी ह्यांच्यात साडेपाच पटींचं अंतर पडतं, कारण वरचे थोडे लोक सरासरीला वर ओढतात. देशाच्या एकूण संपत्तीचा साधारण तीस टक्के भाग वरच्या एक टक्क्याकडे आहे. खालच्या निम्म्या देशाकडे मिळून तीन टक्केसुद्धा नाही. तुम्ही तुमची मालमत्ता पत्रात लिहिलेली नाही. पण दोन पगार, पंचवीसेक वर्षं चाललेलं फोर-ओ-वन-के (निवृत्तीसाठीची बचत) आणि न्यू जर्सीतलं घर धरलं तर ती दहा लाखांच्या बरीच पुढे असणार. म्हणजे मधल्या अमेरिकन कुटुंबाच्या निदान पाचपट. वरच्या एक टक्क्यात जायला मात्र एक कोटी डॉलरच्याही बरंच पुढे जावं लागतं. तुम्ही जितक्या पायऱ्या चढून आलात त्यापेक्षा जास्त अजून वर शिल्लक आहेत, आणि नेमक्या त्याच तुमच्या मिस्टरांना दिसतात. माणूस स्वतःला नेहमी वरच्याशी ताडून बघतो आणि मग आपण साधेच, असं प्रामाणिकपणे म्हणतो.

तुम्हाला हे जाणवत नाही ह्याला आणखी एक कारण आहे. भारतीय कुटुंबांचं मधलं उत्पन्नच तिथे दीड लाखाच्या आसपास आहे. ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात भाजी घेताना, मंडळाच्या गणपतीला, मुलांच्या मराठी शाळेत तुम्हाला जे भेटतात ते बहुतेक तुमच्यासारखे किंवा तुमच्याहून थोडे वर. फेडरल रिझर्व्ह दरवर्षी एक प्रश्न विचारतं: अचानक चारशे डॉलरचा खर्च आला तर रोखीने किंवा महिन्याअखेर पूर्ण फेडायच्या कार्डावर भागवाल का? २०२३ साली ३७ टक्के प्रौढांना ते जमणारं नव्हतं. हे लोक तुमच्या ओळखीत नाहीत असं समजू नका. तुमच्या हॉस्पिटलमध्ये ते रोज तुमच्या शेजारून जातात आणि त्यांतल्या काहींची थकलेली बिलं तुमच्याच विभागाच्या पडद्यावर असतात. ह्या घरात हा विषय खरा कळणारी जर कुणी असेल तर ती तुम्ही आहात. पण तुमच्या पत्रात तुमचं स्वतःचं मत मला कुठेच सापडलं नाही. त्याकडे नंतर येते.

आधी बाबांच्या बाजूचं. त्यांचा राग मला पोकळ वाटत नाही. पगारदार माणसाचा टॅक्स हातात पैसे पडायच्या आतच कापला जातो. ज्यांची संपत्ती शेअर्समध्ये आहे त्यांचं तसं नसतं. शेअर कितीही वाढला तरी तो विकेपर्यंत त्यावर कर नाही. विकायची गरजही पडत नाही, कारण तो तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढता येतं आणि कर्ज हे उत्पन्न धरत नाहीत. मालक वारला की वारसांसाठी त्या शेअरची मूळ किंमत मृत्यूच्या दिवसाची धरली जाते आणि आयुष्यभराची वाढ करातून कायमची सुटते. हे सगळं कायद्यात बसतं. सोशल सिक्युरिटीचंच, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीच्या कपातीचंच पाहा. पगारातून ६.२ टक्के कापले जातात, पण २०२५ साली फक्त पहिल्या १,७६,१०० डॉलरवर. ज्याचा पगार दहा लाख आहे त्याची ही कपात मार्चच्या सुरुवातीलाच संपते. तुमच्या हॉस्पिटलमधल्या नर्सची ती ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहते. तेव्हा ‘आम्ही पै न पै भरतो’ हे बाबांचं म्हणणं खरं आहे, आणि ते डॉक्युमेंटरीच्या विरुद्ध जात नाही. राइश तेच तर सांगताहेत. बाप-लेकीला ह्या एका मुद्द्यावर एकमेकांशी भांडायचं काही कारणच नाही, फक्त दोघंही ओरडत असल्यामुळे कुणाला ते ऐकू आलं नसावं.

मुलीलाही एक गोष्ट सांगायला हवी. ती डॉक्युमेंटरी २०१३ सालची आहे आणि तिला एक बाजू आहे. त्यातले आकडे कर भरण्यापूर्वीचे आहेत. सरकारी मदत आणि कंपनीने भरलेला आरोग्यविमा जमेस धरला की मधल्या आणि खालच्या कुटुंबांची घसरण तितकी भीषण दिसत नाही. वरच्या एक टक्क्याचा वाटा नेमका किती वाढला ह्यावर अर्थशास्त्रज्ञांचे आजही कडाक्याचे वाद चालू आहेत. खूप वाढला म्हणणारे टोमा पिकेटी आणि इमॅन्युएल सेझ एका बाजूला, फारसा नाही म्हणणारे जेराल्ड ऑटन आणि डेव्हिड स्प्लिंटर दुसऱ्या. कोविडनंतरच्या काही वर्षांत सगळ्यात कमी पगाराच्या लोकांचे पगार वरच्यांपेक्षा झपाट्याने वाढले, तेही त्यात असणार कुठून? पण ‘जुनी झाली’ म्हणून बाबांनी ती मोडीत काढू नये. देशाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, ते जुलै २००९ पासून तिथेच आहे. न्यू जर्सीने स्वतःचं वाढवत नेऊन २०२५ ला १५.४९ केलं, म्हणून तुमच्या डोळ्यांना ते दिसत नाही इतकंच.

आता त्या दोन बॅगा. परदेशात स्थिरावलेल्या आपल्या पिढीतल्या प्रत्येक घरात ही गोष्ट आहे आणि ती बहुतेक वेळा खरी असते. पण त्या बॅगेत इंजिनीअरिंगची पदवी होती. कराडच्या सरकारी कॉलेजची फी त्या काळी नाममात्र होती, बाकीचा खर्च महाराष्ट्राच्या तिजोरीतून, म्हणजे सातारा-सांगलीच्या बाजारात मीठ-काडेपेटी घेणाऱ्याच्याही खिशातून झाला. दुसरं म्हणजे १९९८ हे साल. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताच कॉम्प्युटर गोंधळतील ह्या धास्तीने अमेरिकेला प्रोग्रामर हवे होते. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली. तुमचे मिस्टर हुशार होते, कष्टाळू होते, आणि दार उघडलं होतं. आज त्याच कॉलेजातून तितकाच हुशार मुलगा निघाला तर त्याची गाठ लॉटरीशी आहे. हे त्यांना टोमणा म्हणून सांगू नका. ते स्वतः कुणा भाच्या-पुतण्याला हेच समजावून सांगत असतील.

शिवाय अमेरिकेने भारतातून माणसं घेतली ती चाळणी लावून. तिथल्या प्रौढ भारतीयांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर आहेत. साऱ्या देशात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या थोडं वर आहे. म्हणून ‘आम्हाला जमलं, मग ह्यांना का नाही’ ही तुलना मुळातच तिरकी आहे. ज्यांना नाही जमलं ते चाळणीतून आलेले नव्हते, ते तिथे जन्मले होते. राज चेट्टी ह्या दिल्लीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हिशेब मांडला: १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मोठेपणी आईबापांपेक्षा जास्त कमावू लागली. १९८० साली जन्मलेल्यांपैकी जेमतेम निम्मी. कष्ट करायची वृत्ती चाळीस वर्षांत निम्म्याने घटली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो.

इथवरचं सगळं कुठल्याही घरातलं चहाच्या टेबलावरचं भांडण आहे, दोन दिवसांत निवलं असतं. तुमच्या घरात ते निवलं नाही, आणि त्याचं कारण तुम्ही कंसात घालून पाठवलं आहे. ती सही.

थोडं न्यू जर्सीचं सांगते, कारण तुमची मुलगी हे वर्गात शिकली असण्याची बरीच शक्यता आहे. दक्षिण न्यू जर्सीत माउंट लॉरेल नावाची टाऊनशिप, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्याच गावात परवडणारी घरं बांधायची होती. टाऊनशिपने झोनिंगचे नियम पुढे करून ते अडवलं. एथेल लॉरेन्स ह्या तिथल्या रहिवासी बाई कोर्टात गेल्या आणि १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जमीन वापराचे नियम करून गरिबांना गावाबाहेर ठेवण्याचा अधिकार वाढत्या टाऊनशिपना नाही. अशा गावांनी परवडणाऱ्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. गावांनी टाळाटाळ केली, १९८३ साली कोर्टाने पुन्हा खडसावलं, आणि पुढची चाळीस वर्षं ही ओढाताण चालूच राहिली. मार्च २०२४ मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि जुलै २०२५ पासून पुढच्या दहा वर्षांचा हिस्सा गावांवर आला. तुमच्या गावातली इमारत बहुधा त्यातलीच आहे.

आणि हे ‘अफोर्डेबल’वाले लोक कोण असतात? राज्याच्या नियमांत त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं कुटुंब त्यात बसतं. तुमच्या विभागात नव्याने लागलेली मुलगी, रक्ताचे नमुने घेणारा टेक्निशियन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. तुमच्या पगारावर तुम्ही एकट्या असता तर कदाचित तुम्हीसुद्धा.

लोक ह्याला विरोध का करतात तेही सगळ्यांना ठाऊक आहे, जरी अर्जावर ट्रॅफिक आणि सांडपाणी लिहिलेलं असतं. न्यू जर्सीत घरपट्टी साऱ्या देशात सर्वांत जड, आणि तिचा मोठा भाग त्याच गावाच्या शाळांवर खर्च होतो. म्हणून चांगली शाळा हवी तर महागडं घर घ्यावं लागतं. घराच्या किमतीत शाळेचा प्रवेश धरलेलाच असतो. कॅमडेन, नेवार्क, पॅटर्सन अशा गरीब शहरांच्या शाळांना ह्यातून काही मिळत नव्हतं, म्हणून ‘अॅबट’ खटल्याच्या निकालांत ह्याच न्यायालयाने राज्याला त्यांच्यासाठी जादा पैसे द्यायला लावले. तुमच्या मुलीला जी शाळा मिळाली, जे कॉलेजच्या तोडीचे एपी कोर्स मिळाले, ज्यांच्या जोरावर ती रटगर्सला गेली आणि तिथल्या प्राध्यापकांनी दाखवलेली डॉक्युमेंटरी घेऊन घरी आली, ते सगळं त्या कुंपणाच्या आतलं आहे. हे तिला कळलं आहे. तिचं बोलणं उद्धट असेल, पण तिची लाज खरी आहे.

डॉक्युमेंटरी एक टक्क्याबद्दल बोलते, आणि ते आपल्यासारख्यांना फार सोयीचं पडतं. मूठभर अब्जाधीशांना नावं ठेवून आपण मोकळे. त्यांच्या कर-कायद्याला तुमच्या मिस्टरांचा हात लागत नाही. मास्टर बेडरूमच्या खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या प्लॉटवर कोण राहायला येणार, ह्याला मात्र लागतो. अमेरिकेतली दरी बरीचशी तिथेच खोदली जाते, नियोजन मंडळाच्या मंगळवार-बुधवारच्या सभेत, आणि खोदणारे लोक सज्जन असतात. मुलीने चुकीच्या आकड्यावर बोट ठेवलं, पण माणूस बरोबर निवडला, असं मी म्हणेन. बाबांना हे लागेल. लागू दे.

म्हणजे सही मागे घ्यायला लावा असं मी सांगत नाही. पण त्यांनी एक करावं: गावाची योजना उघडून वाचावी. किती घरं, त्यातली परवडणारी किती, शाळेत किती मुलं वाढतील, रस्ता रुंद होणार का. हे सगळं जाहीर कागदपत्रांत असतं. इंजिनीअर माणूस आहे, अर्जावरची घोषणा आणि नकाशा ह्यांतला फरक त्यांना कळेल. वाचूनही विरोध राहिला तर सभेत उभं राहून स्वतःच्या नावाने कारण सांगावं. आणि मुलीला शेजारी बसवून सांगावं, १९९८ साली न्यू जर्सीत उतरल्यावर ते पहिल्यांदा कुठल्या इमारतीत राहिले, किती जण मिळून राहिले आणि भाडं कोणी भरलं. ही गोष्ट तिने कधी ऐकलीच नसेल तर मला नवल वाटणार नाही. आपण मुलांना बॅगा सांगतो, भाड्याच्या खोल्या सांगत नाही.

फी आणि लोनचं. हे दोघांनीही रागात बोललेलं आहे आणि दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात होण्यासारख्या नाहीत. चोवीस वर्षांच्या आतल्या अविवाहित विद्यार्थ्याला अमेरिकेचं सरकार बहुतेक करून आईबापांवर अवलंबून धरतं. मदतीचा फॉर्म भरताना तुमचंच उत्पन्न लिहावं लागतं, त्यामुळे गरजूंसाठीचं अनुदान तिला मिळणार नाही. दुसऱ्या वर्षाला तिच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते जास्तीत जास्त साडेसहा हजार डॉलर. राहण्या-जेवणासकट रटगर्सचा वर्षाचा खर्च पस्तीस हजारांच्या वर जातो. उरलेले कुठून आणणार? एक तर आईबापांच्या नावाचं कर्ज, नाही तर खाजगी बँकेचं, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला ते कुणी मोठ्याने सह-सही केल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे तिचं बंड तुमच्या सहीवर अडलेलं आहे. हे तिला चिडवायला नका सांगू. पण तिने स्वतः बसून हे आकडे मांडले तर डॉक्युमेंटरीतून कळलं नाही ते तिला कळेल: ज्या मुलांच्या घरी सही करणारं कुणी नसतं त्यांचं काय होतं. तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंच असेल तर कॅम्पसवर नोकरी करावी, हातखर्च स्वतः काढावा. त्याला ना नाही. पण वडिलांवर सूड म्हणून वर्षाला अठ्ठावीस हजारांचं व्याजी कर्ज डोक्यावर घेणं ह्यात गरिबांचं काय भलं होणार आहे ते मला समजलेलं नाही.

बाबांनाही सांगा, फी थांबवणं हे त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. इथे मी तुमच्याकडे येते, ताई. ‘त्यातला मोठा वाटा अर्थात त्याचा’ असं तुम्ही लिहिलंत. त्या ‘अर्थात’वर मी बराच वेळ थांबले होते. घर दोघांच्या पगारावर उभं राहिलं. राइश सांगतात त्या तीन वाटांपैकी पहिली वाट, बायका नोकरीला लागल्या ती, तुमच्या घरात तुम्ही आहात. ‘मी कुणाची बाजू घेऊ’ असं विचारता, जणू बाजू दोनच आहेत. तुम्ही रोज आजारी माणसांची बिलं पाहता. विमा असूनही कुणाला किती भरावं लागतं, कोण हप्ते पाडून मागतं, कोण फोनच उचलत नाही, हे त्या दोघांनाही माहीत नाही. एकदा जेवताना, कुणाचं नाव न घेता, ते सांगा. उपदेश नको, नुसतं कामावर काय झालं ते सांगायचं. नवरा-बायकोत पैशाबद्दल बोलणं होतं ते खर्चाचं. मुलांसमोर तर तेही होत नाही. एखाद्या रविवारी घराचे कागद टेबलावर काढा: दोघांचे डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचे दाखले), टॅक्स रिटर्न, फोर-ओ-वन-के, घरपट्टीचं बिल, गावाकडे पाठवलेले पैसे. तिला सगळं पाहू दे. आपले आईबाप अब्जाधीश नाहीत हे तिला दिसेल आणि आपण साधे नाही हे बाबांना. घरपट्टीच्या बिलावर शाळेचा आकडा वेगळा छापलेला असतो, तोही वाचा.

नवरा ह्याला तयार होणार नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याच्याशिवाय सुरुवात करा. मुलगी आणि तुम्ही. तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला येईलच.

अजून एक दिलगिरीचा मुद्दा आहे, कारण आपल्याकडे शेवटी सगळं तिथे येऊन अडतं. ‘माझ्या सोफ्यावर बसून’ हे बाबांचं वाक्य आणि ‘आपणच ते’ हे तिचं, दोन्ही एकाच संध्याकाळची आहेत. तिने सुराबद्दल माफी मागावी, आशयाबद्दल मागायला लावू नका. त्यांनी फीची धमकी मागे घ्यावी, मत बदलायची सक्ती त्यांच्यावरही नको.

आणि पुढच्या सेमिस्टरचं बिल सुट्टी संपायच्या आत भरायचं असतं. जॉइंट अकाउंटवर तुमचं नाव आहे. भरून टाका, आणि भरल्यावर दोघांनाही सांगा की भरलं.